कार्बॉय, बादली की स्टील? : एक भांडं निवडण्याची गोष्ट

सुरुवातीलाच एक खुलासा. हा लेख बिअर कशी करावी याबद्दल नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. होस्टेलच्या खोलीत तर विचारूच नका. (रेक्टर सर हा अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, हे मी विसरलेलो नाही.) लेख आहे तो ज्यात बिअर आंबते त्या भांड्याबद्दल. ते कशाचं असावं, केवढं असावं आणि का. आपल्या मेकॅनिकल, केमिकल आणि प्रॉडक्शनवाल्यांना सेकंड इयरला जे मटेरियल सिलेक्शन पाच मार्कांसाठी घोकावं लागतं, ते मला खऱ्या अर्थाने समजलं ते एका फुटलेल्या बाटलीमुळे. म्हणून लिहितो आहे.

त्याआधी थोडं मागे जातो. सेकंड इयरच्या ओरलला एक्सटर्नलनी मला विचारलं होतं, "लोणच्याची बरणी चिनी मातीचीच का असते?" मी म्हणालो, "सर, परंपरा." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या रोल नंबरला बोलावलं. घरी आल्यावर आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, पितळी पातेल्याची कल्हई उडाली की त्यात ताक ठेवत नाहीत, कळकतं. लोणचंही तसंच." झालं! आम्ल आणि तांबं-जस्ताचा मिश्रधातू यांची रिॲक्शन होते, क्षार अन्नात उतरतात, चव बिघडते आणि ते खाल्लं तर पोटही. आजीने एका शब्दात सांगितलं, 'कळकतं'. हा शब्द तेव्हा ओरलला आठवला असता तर निदान दोन मार्क मिळाले असते. असो.

आता मी एम. एस. साठी अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात आहे. एका निवृत्त मशिनिस्टच्या घराच्या तळघरात भाड्याने राहतो. त्यांचं वय अडुसष्ट. आम्ही दोघे देशी भाडेकरू आपापसात त्यांना 'काका' म्हणतो, तेच नाव इथे वापरतो. काका गेली अनेक वर्षे घरी बिअर करतात. इथे ते कायदेशीर आहे. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ मध्ये उठली तेव्हा घरच्या वाइनला परवानगी मिळाली, पण घरची बिअर मात्र कायद्यातून राहून गेली. ती चूक दुरुस्त व्हायला १९७८ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी ऑक्टोबरात अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून प्रत्येक प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन (साधारण ७५७ लिटर) बिअर स्वतःपुरती करायची केंद्रीय कायद्याने मुभा मिळाली. विकायची मात्र नाही. त्याच १९७८ मध्ये इथल्याच बोल्डर गावात घरी बिअर करणाऱ्यांची अमेरिकन संघटना सुरू झाली. ती सुरू करणाऱ्यांपैकी चार्ली पपेझियन हे शिक्षणाने न्यूक्लिअर इंजिनिअर! बोल्डरमध्ये ते शाळामास्तर होते आणि संध्याकाळी लोकांना बिअर करायला शिकवत. आपल्या डिग्रीचं पुढे काय होईल याची काळजी करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. तळघरात थंडी, दहा अंशांच्या आसपास. काका त्यांचा काचेचा कार्बॉय धूत होते. (कार्बॉय हा शब्द आपल्याला लॅबमुळे माहीत आहे, ॲसिडचा मोठा कॅन. मूळ शब्द फारसी, मोठा चंबू अशा अर्थाचा. इथे कार्बॉय म्हणजे अरुंद गळ्याची, १९ लिटरची काचेची बाटली.) आत चिकटलेला यीस्टचा थर निघेना म्हणून त्यांनी गीझरचं कडक गरम पाणी ओतलं, हलवलं, आणि ओतून टाकायला बाटली उचलली. 'टक्' असा एकच आवाज झाला. बाटलीचा तळ जसाच्या तसा, ताटासारखा, सुटून खाली पडला आणि वरचा भाग त्यांच्या हातातून निसटताना उजव्या हाताच्या अंगठ्याखाली घुसला. मी जिन्यात होतो. टॉवेल गुंडाळून त्यांना गाडीत घातलं. अंगठ्याची शीर तुटली होती. ऑपरेशन झालं, तीन महिने व्यायाम झाले, पण अंगठा आजही पूर्ण मिटत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर लेथवर काम केलं, त्याला आता पेला डाव्या हाताने धरावा लागतो.

मे महिन्यात एक दिवस ते म्हणाले, "तू मेकॅनिकलवाला ना? मग सांग, आता कशात करू? पण काच सोडून."

मी म्हटलं, दोन दिवस द्या.

भांड्याचं काम काय?

कुठलंही सिलेक्शन करायचं तर आधी सर्व्हिस कंडिशन लिहायच्या, असं सर सांगायचे. तर भांड्यात होतं काय? मोड आणून वाळवलेल्या जवाचा, म्हणजे मॉल्टचा, गोड काढा करायचा. त्याला वर्ट म्हणतात. तो हॉप्स घालून उकळायचा, गार करायचा, भांड्यात ओतायचा आणि यीस्ट टाकायचं. यीस्ट साखर खातं. साखरेचं साधारण अर्धं वजन अल्कोहोल होतं आणि जवळपास अर्धं कार्बन डायऑक्साइड. द्रव आंबट असतो, पीएच ४.२ ते ४.५. म्हणजे कल्हई नसलेलं पितळ इथेही बाद. एकदा यीस्ट टाकलं की दोन ते तीन आठवडे हवा आत जाऊ द्यायची नाही, पण वायू बाहेर जाऊ द्यायचा. आणि भांडं इतकं स्वच्छ हवं की यीस्टशिवाय दुसरं काही त्यात वाढू नये, कारण गार झालेला वर्ट म्हणजे जीवाणूंची पंगतच.

आता थोडं गणित करू. काकांचा नेहमीचा घाणा १९ लिटरचा. सुरुवातीची सापेक्ष घनता १.०५०, शेवटची १.०१०. यातून निघतं की साधारण १.६ किलो साखर आंबते. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड सुमारे ७४० ग्रॅम, म्हणजे १७ मोल. वीस अंश तापमानाला, एक ॲटमॉस्फिअरला एक मोल म्हणजे २४ लिटर. गुणाकार करा, सुमारे ४०० लिटर! बिअरच्या वीस पट वायू. त्यातला पंधरा-सोळा लिटर बिअरमध्येच विरघळून राहतो, बाकी सगळा बाहेर जायलाच हवा.

समजा गेला नाही. समजा भांडं घट्ट बंद आहे. बिअरवर चार लिटर मोकळी जागा धरली, आणि वाढत्या दाबाने बिअरमध्ये विरघळणाराही हिशोबात घेतला, तर दाब चढत चढत २० बारकडे जाईल. आपल्या प्रेशर कुकरची शिट्टी एक बारच्या आसपास होते. मोटारच्या टायरात दोन-सव्वादोन बार असतो. यीस्ट बिचारं त्याच्या बरंच आधी मान टाकेल हे खरं, पण भांडं त्याच्याही आधी टाकेल.

म्हणून वर एअरलॉक असतो. बाकदार नळीत दोन-तीन सेंटिमीटर पाणी, वायू बुडबुडे काढत बाहेर, हवा आत नाही. गोबर गॅसची तरंगती टाकी ज्यांनी गावाकडे बघितली असेल त्यांना हे तत्त्व नवीन नाही. टाकी पाण्यात किंवा शेणकाल्यात बुडलेली, गॅस वाढला की टाकी वर येते, फारच वाढला तर कडेने बुडबुडे. दाब आपोआप मर्यादेत राहतो. (पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्यावर चालणारं घरगुती बायोगॅस संयंत्र केलं, त्याला २००६ चा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तेही एकात एक बसवलेल्या दोन प्लॅस्टिकच्या टाक्याच.)

पण एअरलॉक चोंदतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत फेसाची जाड साय वर चढते, त्यात हॉप्सचा चोथा असतो, तो नळीत अडकला की मार्ग बंद. हे रात्री दोन वाजता होतं, दुपारी कधीच होत नाही. म्हणून भांड्यात वर पाचेक लिटर जागा सोडतात किंवा सुरुवातीचे दिवस एअरलॉकऐवजी जाड नळी लावून तिचं टोक पाण्याच्या तांब्यात बुडवतात.

इथेच मला पहिला धागा मिळाला. नळी चोंदली तर आधी काय निकामी होईल? बादलीचं झाकण ३० सेंटिमीटर व्यासाचं असतं. आत फक्त ०.१ बार जादा दाब झाला, तरी त्या झाकणावर सत्तर किलो वजनाइतका जोर येतो. एक धडधाकट माणूस खालून झाकण ढकलतोय असं समजा. झाकण उडतं, छताला फेस लागतो, भिंत पुसावी लागते, संपलं. कार्बॉयचं बूच मात्र तीन सेंटिमीटरचं. व्यास दहापट कमी, क्षेत्रफळ शंभरपट कमी, म्हणून तेवढ्याच दाबाला त्यावर जोर फक्त ७०० ग्रॅम. बूच घट्ट बसवलेलं असेल तर ते हलणार नाही, आणि दाब पुढे चढत राहील. बादलीचं झाकण म्हणजे फुकटचा सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. कार्बॉयला तो नाही, आणि साध्या कार्बॉयवर दाबाचं रेटिंगही नसतं.

थोडक्यात, भांडं नीट चाललं तर कसं चालेल हे सगळे सांगतात, दुकानदारही. मी यादी दुसरीकडून करायला घेतली. प्रत्येक भांडं बिघडतं तेव्हा ते कसं बिघडतं?

काच

काचेची बाजू आधी मांडतो, कारण तिच्यावर काकांचं तीस वर्षं प्रेम होतं आणि ते उगाच नव्हतं. काच ऑक्सिजन आत सोडत नाही. वास धरत नाही. ओरखडे सहजासहजी पडत नाहीत. आतला सगळा खेळ दिसतो, आणि तो खरंच बघण्यासारखा असतो. फेस चढतो, उतरतो, गढूळ द्रव वरून खाली निवळत येतो. एकच काळजी घ्यावी लागते, उजेडाची. हॉप्समधल्या कडू घटकांवर सूर्यप्रकाश पडला की एक गंधकयुक्त संयुग तयार होतं आणि बिअरला अगदी थोड्या प्रमाणातही घाण वास येतो. बाजारात बिअरच्या बाटल्या तपकिरी असतात त्या यासाठीच. कार्बॉयवर जुना टी-शर्ट चढवला की झालं.

पण ती फुटते कशी? साधी सोडा-लाइम काच. तापमानाला प्रसरण दर अंशाला दहा लाखांत नऊ भाग. यंग्ज मोड्युलस ७० गिगापास्कल. आत सत्तर अंशांचं पाणी, बाहेर दहा अंश, म्हणजे फरक साठ. आतला थर फुगू बघतो, बाहेरचा फुगू देत नाही, म्हणून बाहेरच्या पृष्ठभागावर ताण येतो. सगळा फरक काचेच्या जाडीतच आहे असं धरलं तर फॉर्म्युल्याने जास्तीत जास्त २४ मेगापास्कल. पुस्तकात काचेची ताकद बरीच जास्त दिलेली असते, पण ती नव्या, निर्मळ काचेची. वर्षानुवर्षे काँक्रीटच्या फरशीवर घासलेल्या तळाला शेकडो बारीक ओरखडे असतात, आणि ग्रिफिथ साहेबांनी १९२० मध्येच सांगून ठेवलं आहे की काचेची खरी ताकद तिच्यातली सगळ्यात वाईट भेग ठरवते. त्यात तळाच्या कडेला काचेची जाडी एकदम बदलते, तिथे ताण आणखी एकवटतो. काकांच्या बाटलीचा तळ ताटासारखा सुटला, तो बरोबर त्याच रेषेवर. बोरोसिलिकेट असती, म्हणजे आपल्या लॅबच्या बीकरची काच, तर हाच ताण आठेक मेगापास्कल आला असता. पण या आकाराचे कार्बॉय सहसा त्या काचेचे नसतात.

आणि मुख्य म्हणजे काच आधी सांगत नाही. धातू वाकतो, प्लॅस्टिक पांढरं पडतं, लाकूड कुरकुरतं. काच काल होती तशीच आज दिसते आणि मग नसते. भरलेला कार्बॉय २५ किलोच्या वर जातो, हात ओले, गळा गुळगुळीत. कित्येक जण गळ्याला बसवायचं हँडल विकत घेतात आणि भरलेली बाटली त्याने उचलतात. ते रिकाम्या बाटलीसाठी असतं! उचलायचीच तर दुधाच्या क्रेटमध्ये ठेवून खालून उचलावी.

काकांना हे सगळं गणित दाखवलं. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तीस वर्षं मी लोखंडाला भेग गेलीय का ते हातोडीच्या आवाजावरून ओळखत होतो. हिला एकदाही वाजवून बघितलं नाही."

प्लॅस्टिक

प्लॅस्टिक म्हणजे एक वस्तू नव्हे, हे आधी लक्षात घ्या. तळाला त्रिकोणात आकडा असतो. १ म्हणजे पेट, २ म्हणजे एचडीपीई. आपल्याकडे पाण्याचे निळसर जार असतात त्यातले बरेच पॉलिकार्बोनेटचे, त्यांच्यावर ७ असतो. ते दिसायला दणकट, पण धुण्याच्या अल्कलीने पॉलिकार्बोनेट खराब होतं. म्हणून ते यादीतून लगेच काढलं.

पेटचा कार्बॉय काचेसारखाच दिसतो आणि वजनाला जेमतेम किलोभर. पडला तर उडी मारतो, फुटत नाही. ऑक्सिजनही एचडीपीईच्या मानाने दहा पटींहून कमी झिरपू देतो. पण गरम पाणी त्याला चालत नाही, सत्तर अंशांच्या आसपास पेट मऊ पडू लागतो आणि कार्बॉय सुरकुततो. भरलेला उचलला की भिंती दबतात, सोडला की पुन्हा फुगतात, आणि त्या श्वासाबरोबर एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं. अरुंद गळ्याचा असेल तर आत ब्रश घालायचीही पंचाईत.

एचडीपीईची बादली सगळ्यात स्वस्त. साधारण २४ लिटरची, म्हणजे १९ लिटरच्या घाण्याला वर पाच लिटर जागा बरोबर मिळते. तोंड मोठं, पूर्ण हात आत जातो. तिच्यावर आक्षेप दोन. पहिला ऑक्सिजनचा. हा खरा आहे, पण त्याला जरा जास्तच भाव मिळतो असं माझं मत झालं. आंबण्याच्या काळात आतून वायू सतत बाहेर लोटला जातो, त्यामुळे हवा आत यायला वावच नसतो. पुढचे आठ-दहा दिवस भिंतीतून जे झिरपेल त्यापेक्षा झाकणाच्या सैल रबरातून जास्त येतं. तेव्हा झाकण तपासा, भिंतीची काळजी सोडा. ज्यांना आंबट बिअर वर्षभर मुरवायची असते त्यांनी मात्र बादली वापरू नये. दुसरा आक्षेप ओरखड्यांचा, आणि हा गंभीर. प्लॅस्टिक मऊ. तारेच्या घासणीने एकदा घासलं की आत चरे पडतात, त्यात जीवाणू बसतात, आणि सॅनिटायझर तिथपर्यंत पोचत नाही. मग एक घाणा आंबट होतो, पुढचाही होतो, आणि माणूस यीस्टला दोष देत बसतो.

म्हणजे बादली बिघडते ती अशी, हळूहळू आणि चवीतून. कोणाचा अंगठा जात नाही, १९ लिटर बिअर जाते.

लाकडी पिंपं आणि दगडी हौद यांच्यावर वेळ घालवला नाही. इंग्लंडमध्ये टॅडकास्टरला सॅम्युएल स्मिथ ही जुनी ब्रुअरी पाटीच्या दगडाच्या चौकोनी हौदात अजून बिअर आंबवते. बर्टन गावात लाकडी पिंपांच्या रांगा जोडून आंबवण्याची पद्धत मार्स्टन्सने २०२४ मध्ये थांबवली, त्यातला एक संच थॉर्नब्रिज नावाच्या छोट्या ब्रुअरीने नेला. वाचायला मजा येते, पण तळघरात त्याचा उपयोग नाही.

स्टील, आणि माझी चूक

मला आतून माहीत होतं की उत्तर स्टीलच येणार. ३०४ ग्रेड, आपल्या घरच्या डब्यांचंच, अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल. फुटत नाही, झिरपत नाही, उजेड आत नाही, गरम पाणी चालतं. तळ शंकूसारखा असेल तर खाली बसलेलं यीस्ट व्हॉल्व्ह उघडून काढता येतं. एक पथ्य मात्र आहे. क्लोरीनवालं ब्लीच त्यात ठेवून द्यायचं नाही. क्लोराइड क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर भेदतं आणि टाचणीएवढे खड्डे पडतात. कोल्ड्रिंकवाल्यांचे जुने १९ लिटरचे स्टीलचे केगही लोक वापरतात. त्यांना नऊ बारच्या आसपास रेटिंग असतं आणि झाकणावर सेफ्टी व्हॉल्व्ह. पण वरचा २० बारचा आकडा आठवा. केग आहे म्हणून घट्ट बंद करून झोपावं असं नाही, दाब सोडणारा व्हॉल्व्ह लागतोच.

मी कागदावर आणखी एक मुद्दा स्टीलच्या बाजूने मोठ्या अक्षरात लिहिला. उष्णता. आंबताना उष्णता निघते, दर किलो साखरेमागे साधारण ५९० किलोज्यूल. १.६ किलोची सुमारे ९४० किलोज्यूल. ती बाहेर गेलीच नाही तर बिअर बारा अंशांनी तापेल आणि तापलेल्या यीस्टने केलेल्या बिअरला डोकं दुखवणारा वास येतो. स्टील उष्णतावाहक, म्हणजे आपोआप गार राहणार. सोपं!

रात्री आकडे घातले आणि पडलो. दोन मिलिमीटर एचडीपीईचा उष्णतेला रोध ०.००४४. पाच मिलिमीटर काचेचा ०.००५. एक मिलिमीटर स्टीलचा ०.००००६. इथपर्यंत स्टील हिरो. पण भिंतीबाहेर स्थिर हवेचा थर असतो, त्याचा रोध ०.१२५. (सगळे चौरस मीटर-केल्विन प्रति वॅटमध्ये.) बेरीज केली की तिन्ही भांडी जवळपास सारखी. उष्णता अडते ती हवेपाशी, भांडं कशाचं आहे याला विचारतंय कोण? ०.४ चौरस मीटर पृष्ठभाग धरला तर दर अंशाला तीनेक वॅट बाहेर जातात. ऐन भरात यीस्ट दहा वॅटच्या आसपास देतं, म्हणजे कुठल्याही भांड्यात बिअर खोलीपेक्षा तीन अंश गरम राहणार. गार करायची असेल तर भांडं पाण्याच्या घमेल्यात ठेवा, स्टीलवर पैसे घालू नका. हीट ट्रान्सफरच्या पेपरात मला हेच गणित आलं होतं आणि मी ते बरोबर सोडवलं होतं, तरी इथे फसलो.

तरीसुद्धा माझ्या डिसिजन मॅट्रिक्समध्ये स्टील पहिलं आलं. आठ निकष, प्रत्येकाला वजन, प्रिंट काढली आणि ती काकांपुढे ठेवली. दुसरा पेट, तिसरी बादली, काच शेवटची.

काकांनी कागद डाव्या हाताने उचलला. "धुवायचं कोणी?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"हे शंकूवालं भांडं. पाय आहेत, दोन व्हॉल्व्ह आहेत, चार क्लॅम्प, सहा वॉशर. प्रत्येक घाण्यानंतर सगळं सोडवून धुवायचं. रिकामं आठ-दहा किलो. सिंकपर्यंत कोण नेणार? आणि हे," त्यांनी अंगठा पुढे केला, तो निम्मा मिटला, "क्लॅम्प कसा दाबणार?"

माझ्या आठ निकषांत धुणं हा निकष 'धुता येतं का' असा होता. 'कोणाला धुता येतं' असा नव्हता. मटेरियल सिलेक्शनच्या चार्टवर डेन्सिटी असते, मोड्युलस असतो, किंमत असते, वापरणाऱ्याचा अंगठा नसतो.

मग आम्ही दोघांनी बसून नवीन कागद घेतला. पहिली ओळ, भरलेलं भांडं कधीच उचलायचं नाही. त्यासाठी भांडं आधी टेबलावर ठेवायचं, वर्ट पातेल्यातून नळीने त्यात आणायचा, आणि तयार बिअर खालच्या तोटीने बाटल्यांत उतरवायची. सगळं काम उतारावर. दुसरी ओळ, रिकामं भांडं एका हाताने उचलता आलं पाहिजे. तिसरी, बिघडलं तर फेकून देताना जीव तुटता कामा नये, कारण जीव तुटला की माणूस चरे पडलेलं भांडं वापरत राहतो. या तीन ओळींनंतर प्रश्नच उरला नाही. खाली तोटी असलेली एचडीपीईची बादली. वर्षाने बदलायची. घासायला तारेची घासणी नाही, मऊ फडकं आणि रात्रभर भिजवण. तोटी मात्र दर वेळी सोडवून धुवायची, कारण तिच्या आट्यांत घाण साठते. ती काका डाव्या हाताने सोडवतात.

उरलेला दुसरा कार्बॉय अजून तळघरात आहे. त्यात ते सुटे पैसे टाकतात.

बादलीत पहिला घाणा जूनमध्ये लागला. दुसऱ्या रात्री नळी चोंदली, झाकण एका कडेने उचललं गेलं आणि सकाळी टेबलावर वाटीभर फेस होता. तो मी पुसला. सध्या तोटीच्या वॉशरपाशी थेंब थेंब गळतंय. काकांनी खाली पेपर नॅपकिन ठेवला आहे आणि दर संध्याकाळी ओल्या डागाभोवती पेन्सिलने गोल काढून तारीख टाकतात. चार गोल झालेत. शनिवारी वॉशर आणायला जाणार आहोत.